खंबाटकीच्या चढाला पिकअप जातो, गाडी बंद करून चालू केली की परत येतो

गाडी २०१३ ची. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन. मीटरवर आज २,९७,४०० किलोमीटर आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), इंटरकूलर (ती गरम झालेली हवा थंड करणारी जाळी) आणि त्यांना जोडणारे रबरी हौज, म्हणजे होज पाईप, ज्या गाडीत आहेत, त्या कुठल्याही गाडीला दोन लाखांच्या पुढे ते होऊ शकतं.

दुखणं असं. दर शनिवारी पुण्याहून कराडला जायचं. शिरवळ, खंडाळा गेलं, खंबाटकीचा चढ लागला, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या वर पाय दाबला की गाडी एकदम जड व्हायची. मागून कुणी दोर बांधून ओढतंय असं वाटावं. चेक लाईट लागायची. धूर नाही, आवाज नाही, टेंपरेचरचा काटा मधोमध. ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगत वर पोचायचं, घाट संपल्यावर कडेला नीट जागा बघून गाडी बंद करायची, दहा सेकंदांनी चालू केली की सगळा पिकअप परत. कराडपर्यंत काही नाही. रविवारी परत येताना आपण बोगद्यातून येतो, तो चढ लागतच नाही, म्हणून येतानाही काही नाही. सोमवारी गॅरेजला न्यावी तर स्कॅनरवर एकच कोड: पी०२९९. मिस्त्री चक्कर मारून यायचे, गाडी उत्तम पळायची. कोड पुसून गाडी परत.

हे पहिल्यांदा झालं २,३१,००० ला. तेव्हा बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या वाढीव दाबाचा, सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बदलला. तीन आठवड्यांत परत. मग हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ, बदलला. परत. मग एकाला गाडीखाली झोपून बघायचं सुचलं आणि इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे (इंजिनात शिरणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) येणारा रबरी हौज खालच्या बाजूनं चिरलेला सापडला. नवा बसवला. प्रश्न मिटला असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. अकरा महिन्यांनी, २,५५,००० ला, त्याच चढावर तेच. पुन्हा हौज, त्याच जागी चिरलेला. पुन्हा नवा. तो सातच महिने टिकला. तिसऱ्या वेळी, २,६९,००० ला, मला सांगण्यात आलं की टर्बो थकलाय, दीड लाख धरा, आणि एवढं किलोमीटर झाल्यावर खर्च करण्यापेक्षा गाडी विकलेली बरी.

त्या दिवशी मी गाडी तशीच घरी आणली. हौज खरोखर चिरलेला होता. तो बदलणं बरोबर होतं, आणि बदलल्यावर त्रास खरोखर थांबला होता. तरीही तो दोनदा परत आला. मग विचारायला हवं होतं ते हे, की हौज का चिरतो, आणि प्रत्येक नवा हौज आधीच्यापेक्षा लवकर का चिरतो. हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

पी०२९९ म्हणजे नक्की काय

हा कोड म्हणजे "टर्बो गेला" नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाच्या कॉम्प्युटरनं जेवढा हवेचा दाब मागितला, तेवढा इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांना) पोचला नाही. टर्बोनं हवा दिली आणि वाटेत गळाली, वेस्टगेटची (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी) झडप नीट मिटली नाही, सोलेनॉइडनं चुकीचा इशारा दिला, एअर फिल्टर तुंबला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारी जाळी) तुंबल्यामुळे टर्बोला फिरता आलं नाही, किंवा खरोखर टर्बोच झिजला. या सगळ्यांना हाच एक कोड. फरक फार झाला की कॉम्प्युटर बूस्ट कापून गाडी जपून चालवतो, यालाच लिम्प मोड म्हणतात. चावी बंद-चालू केली की बहुतेक गाड्यांत ती बंदी उठते, पण कोड आत नोंदलेला राहतो. म्हणून "बंद करून चालू केली की ठीक होते" यावरून बिघाड इलेक्ट्रिकल आहे असा निष्कर्ष काढू नका. मला तो दोनदा काढून दाखवण्यात आला आणि मी मानला.

माझ्या तक्रारीतली सगळ्यांत महत्त्वाची खूण माझ्याच डोळ्यांसमोर होती: हे फक्त चढावर, गरम इंजिनावर आणि जास्त लोडवर होत होतं. सपाट रस्त्यावर त्याच आरपीएमला होत नव्हतं. याचा अर्थ इंजिनावर जोर आला की काहीतरी हलत होतं किंवा उघडत होतं. तुमच्या गाडीचं दुखणं लिहून काढाल तेव्हा "पिकअप जातो" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, इंजिन गरम की थंड, चढ की सपाट, एसी चालू की बंद, हे लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी आकडे

हजार-दीड हजारात ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून कोड आणि आकडे वाचणारा) मिळतो, मोबाईलवर ॲप टाकलं की झालं. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका. ॲपला नोंद करू द्या आणि घरी आल्यावर बघा. माझ्या शेजारच्या सीटवर बाबा असायचे, ते आकडे वाचून दाखवायचे.

पहिला आकडा इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करून घ्यायचा: मॅनिफोल्डचा दाब, एमएपी. तो तेव्हा बाहेरच्या हवेइतका असायला हवा. मुंबईत सुमारे १०० ते १०१ किलोपास्कल, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे इथे साधारण ९४-९५. पुण्यात तो ८५ किंवा १०५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं सगळं सोडा आणि आधी तो बघा. माझा ९५ होता.

दुसरं, आयडलला गरम इंजिनावर तोच आकडा तीस ते चाळिसाच्या दरम्यान स्थिर असतो. तिसरं, पूर्ण पाय दाबून चढावर तो किती वर जातो. साध्या डोंगलवर फक्त मिळालेला दाब दिसतो, मागितलेला दाब दिसत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचा खास स्कॅनर लागतो आणि चांगल्या गॅरेजकडे तो असतो. मी एका मिस्त्रींना विनंती करून दोन्ही आकडे एकत्र नोंदवून घेतले, गाडी खंबाटकीला नेऊनच. त्यांनी त्या फेरीचे वेगळे पैसे घेतले, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत वसूल झालेले पैसे तेच. मागणी १७५ किलोपास्कलची होती. १७० पर्यंत दाब व्यवस्थित चढला, आणि मग एका क्षणात १३० वर कोसळला.

झिजलेला टर्बो असं करत नाही. तो हळूहळू, उशिरा दाब देतो, आणि आकडा सुरुवातीपासून मागणीच्या खालीच राहतो. चढलेला दाब एकदम पडला, तर वाटेत कुठेतरी तोंड उघडलंय असं समजा. (पाय सोडल्यावर जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला तरी असं होऊ शकतं, म्हणून तो काढून बघितला. तो शाबूत होता.)

दाबाची चाचणी

गॅरेजकडे धूर सोडण्याचं मशिन असेल तर तेच वापरा. आमच्याकडे नव्हतं. प्लंबिंगच्या दुकानातून पाईपाच्या मापाची यूपीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला, टर्बोतून निघणारा पाईप सोडवून त्याच्या तोंडाला ती टोपी क्लिपनं आवळली आणि टायरच्या पंपानं हवा भरली. दहा पीएसआयच्या वर जाऊ नका. जुन्या इंजिनाचे ऑईल सील जास्त दाबाला निसटतात, आणि टोपी नीट आवळलेली नसेल तर गोळीसारखी उडते, तोंडासमोर उभं राहू नका. ऑईल भरायचं झाकण सैल ठेवा. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, हौजच्या खालच्या बाजूवर, इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या कडांवर मारा.

आमच्या गाडीत एक बुडबुडा आला नाही. हौज तर सात महिन्यांचाच होता, वरून नवाकोरा दिसत होता.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि "लीक नाही, म्हणजे टर्बोच" म्हणतात. आम्हीही थांबणार होतो. पण लोडवरच होतं ही खूण डोक्यात होती. मिस्त्रींनी टॉमी (लोखंडी पहार) घेतली, इंजिन आणि क्रॉस मेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या पट्टीच्या) मध्ये घातली आणि इंजिन हळूच मागे रेटलं, पूर्ण ताकद लावल्यावर इंजिन स्वतः जसं झुकतं तसं. हौजच्या खालच्या पोटात, वळणाच्या आतल्या बाजूला, बोटभर चीर उघडली आणि साबणाचा फेस फुसफुसत बाहेर आला. टॉमी सोडली, चीर मिटली, फेस थांबला.

म्हणजे दोन प्रश्न झाले. इंजिन एवढं हलतंय का? आणि सात महिन्यांत रबर चिरण्याइतकं नरम कसं झालं?

पहिल्याचं उत्तर गिअरबॉक्सच्या खाली होतं. तिथे हाडाच्या आकाराची एक माउंटिंग (इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारा रबराचा जोड) असते, डॉगबोन म्हणतात तिला. तिचं रबर मधोमध फाटलेलं होतं. बाजूच्या दोन माउंटिंग वजन पेलतात, पण पूर्ण टॉर्कवर इंजिनाला गोल फिरण्यापासून ही अडवते. ती गेली की गाडी चालते, फारसा आवाजही करत नाही, फक्त क्लच सोडताना हलका धक्का बसतो आणि आपण तो क्लचच्या नावावर खपवतो. माझ्याकडे तो धक्का दोन वर्षं होता.

ही तपासायला सोपी आहे. एकानं बसून ब्रेक घट्ट दाबायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडून इंजिनावर ताण द्यायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्यानं बाजूनं, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात न थांबता, इंजिन किती झुकतं ते बघायचं. एखादा इंच ठीक. इंजिन उडी मारल्यासारखं झुकलं तर माउंटिंग गेली.

दुसऱ्याचं उत्तर हौजच्या आत होतं. हौज काढल्यावर आतून ऑईलनं निथळत होता. टर्बो गाडीच्या पाईपांत ऑईलचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. पण आम्ही इंटरकूलर काढून उलटा केला तर चहाचा अर्धा कप ऑईल निघालं. गरम ऑईलमध्ये सतत भिजलेलं रबर फुगतं, नरम होतं आणि ताणाला चिरतं. इंजिन हलतंय म्हणून ताण, ऑईल साचलंय म्हणून नरमपणा. दोन्ही एकत्र आले की तो हौज कितीही चांगला आणा, त्याचं आयुष्य महिन्यांतच मोजायचं.

ऑईल कुठून आलं? इथे पुन्हा टर्बोवर आळ येतो, कारण टर्बोचे सील गेले की ऑईल येतं हे खरं आहे. आम्ही टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून चाक हातानं फिरवून बघितलं. आडवा थोडा खेळ असतो, तो ऑईलच्या थरासाठी ठेवलेलाच असतो. चाक घराला घासत नव्हतं, आणि पुढेमागे खेळ जाणवत नव्हता. टर्बो निर्दोष.

मग पीसीव्ही. इंजिनाच्या पोटात जमणारी वाफ आणि ऑईलचे कण वेगळे करून वाफ पुन्हा इनटेकला पाठवणारा हा व्हॉल्व्ह, बहुतेक नव्या इंजिनांत वरच्या कव्हरवर प्लॅस्टिकच्या डबीत असतो. त्याच्यात रबराचा पातळ पडदा आणि एकाच दिशेनं उघडणारी झडप असते. ती झडप गेली की बूस्टच्या वेळी दाब उलटा इंजिनाच्या पोटात शिरतो आणि तिथून ऑईलची फवारणी घेऊन टर्बोच्या तोंडाशी येतो. दाबाच्या चाचणीत मी ऑईलचं झाकण सैल ठेवायला सांगितलं ते यासाठीही: पिस्टनच्या कडेनं थोडी हवा झाकणाशी येणारच, पण भसाभसा आली तर पीसीव्हीची झडप गेली असं समजा, किंवा पिस्टनच्या रिंगा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, बघितलं की या दोनांतलं कोणतं ते कळतं. आमचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळजवळ सारखं होतं. पडदा फाटल्याची खूण वेगळी. आयडलला बारीक शिट्टी येते, ऑईलचं झाकण उघडायला गेलं तर आत ओढल्यासारखं घट्ट बसतं, आणि ऑईलची पट्टी उपसली की शिट्टी थांबते.

डॉगबोन माउंटिंग, पीसीव्हीचा पूर्ण जोड, हौज, त्याच्या दोन्ही क्लिपा, इंटरकूलर आतून धुऊन, मजुरीसह सगळं २६,००० रुपयांत झालं. क्लिपा जुन्या वापरू नका, स्प्रिंगच्या क्लिपांची पकड कालांतरानं जाते. सिलिकॉनचा रंगीत हौज लावायचा मोह झाला तर आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर आहे का ते विचारा, साधं सिलिकॉन ऑईल शोषून घेतं. मी कंपनीचाच लावला.

तेव्हापासून २८,००० किलोमीटर झाले.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही

पण क्रम हाच ठेवा: आधी लोडवरचा आकडा, मग दाबाची चाचणी इंजिन हलवून, मग इंजिनाचा खेळ, मग ऑईल कुठून येतंय, आणि सगळ्यांत शेवटी टर्बो. सोलेनॉइड आणि वेस्टगेट या मधल्या गोष्टी हातपंपानं दहा मिनिटांत तपासता येतात, त्यासाठी नवे पार्ट घालून बघायची गरज नसते. वेस्टगेटच्या दांड्याला हातानं हलवून खडखड येत असेल तर ती लिहून ठेवा, पुढे वाढते.

पिकअप जाताना झटके बसत असतील, चेक लाईट लुकलुकत असेल आणि कोड पी०३०० ते पी०३०४ मधला असेल, तर ते मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आहे, बूस्टचं दुखणं नव्हे. लाईट लुकलुकत असताना पाय दाबू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) विकत घेण्याआधी दोन सिलिंडरच्या कॉईल अदलाबदल करा. कोड दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉईल, नाही गेला तर प्लग किंवा इंजेक्टर. टर्बो गाडीच्या प्लगचं अंतर वाढलं की जास्त दाबात ठिणगी विझते, म्हणून घाटातच मिसिंग होतं आणि शहरात होत नाही. पुस्तकात ६०,००० ला प्लग लिहिलेत, मी ४०,००० ला बदलतो.

सकाळी थंड गाडी आयडलला थरथरते आणि गरम झाल्यावर शांत होते, कोड मिसिंगचा, प्लग-कॉईल नवे, तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन बघा. थेट फवारणीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत, आणि पीसीव्हीतून आलेलं ऑईल त्यांच्यावर भाजून थर बसतो. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या याला काहीही करू शकत नाहीत, कारण त्यांचं औषध तिथपर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याचा मारा हा खरा उपाय. माझं २,४०,००० ला केलं. नादुरुस्त पीसीव्ही तसाच ठेवून केलं होतं, त्यामुळे पुन्हा करावं लागणार असं दिसतंय.

ई२० मुळे आकडे फसवतात

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे वेगळं लिहितो, कारण यात खूप लोक नाहक सेन्सर बदलतायत. फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. नेहमीचा नियम असा, की आयडलला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे, तर थ्रॉटलच्या पुढे बाहेरची हवा शिरतेय. आयडलला ठीक आणि लोडवर वर, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा हाय प्रेशर पंप. लोडवर उणे, तर एमएएफनं मोजलेली हवा वाटेत गळतेय, म्हणजे आमचं दुखणं.

आता यात इथेनॉल आलं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१ आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. गाडी जुन्या इंधनासाठी बेतलेली असेल तर कॉम्प्युटरला काहीच बिघाड नसताना चार-पाच टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. माझ्या वहीत २०२३ चा आकडा अधिक २-३ आहे आणि २०२५ चा अधिक ७. मध्ये काही बिघडलेलं नाही, पंपावरचं पेट्रोल बदललंय. म्हणून जुन्या नोंदीशी तुलना करताना एवढी सूट धरा. मात्र अधिक १२-१५ दिसत असेल तर त्याला ई२० चं नाव देऊन सोडून देऊ नका.

दुसरी बाब रबराची. २०१३ च्या गाडीचे पेट्रोलचे पाईप आणि ओ-रिंग २० टक्क्यांसाठी बनवलेले असतील असं धरून चालू नका. मी टाकीपासून पुढचे सगळे रबरी पाईप बदलून घेतले. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि रिकाम्या टाकीत हवा जास्त असते. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. उद्या बघू असं म्हणायची ती जागाच नाही.

बाकीचं थोडक्यात

ऑईल मी ७,५०० ला बदलतो, पुस्तकात १५,००० लिहिलंय तरी. थेट फवारणीत पेट्रोलचा काही अंश ऑईलमध्ये उतरतो, टर्बो तेच ऑईल भाजून काढतो, आणि टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल राखणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, त्याच ऑईलच्या दाबावर उभा असतो. ग्रेडपेक्षा मॅन्युअलमधला मंजुरीचा क्रमांक डब्यावर आहे का ते बघा. गाडी ऑईल पिते का हे अंदाजानं सांगू नका: थंड गाडी, सपाट जागा, वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच जागी मोजा. अनेक कंपन्या १,००० ला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल म्हणतात. माझी पीसीव्हीआधी ४०० मिली प्यायची, आता १५० पिते.

कूलंटची टाकी दर रविवारी थंड असताना बघा. नव्या गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर आणि वॉटर पंप प्लॅस्टिकचा असतो, तो सांध्याला आधी झिरपतो आणि वाळून गुलाबी-पांढरा खपला धरतो, जमिनीवर थेंब पडायच्या कितीतरी आधी. कूलंटचा रंग बघून दुसरं कूलंट मिसळू नका, रंगाला काही नियम नाही, मंजुरी क्रमांकच बघा. नळाचं पाणी घालणं म्हणजे रेडिएटरमध्ये क्षार घालणं.

सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद टायमिंग चेनचा खळखळाट येत असेल, तर ती गाडी चालवत राहून "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणू नका. चेन सुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. ज्यांच्या स्कॅनरवर कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) फेज दिसते त्यांच्याकडून तो आकडा वर्षातून एकदा घेऊन ठेवा, चेन किती ताणली गेली ते त्यावरून कळतं.

"पळवायच्या गाड्या टिकत नाहीत, टिकतात त्या टॅक्सी" असं मला त्या दीड लाखाच्या एस्टिमेटसोबत ऐकवण्यात आलं होतं. जगात एका मालकानं सगळ्यांत जास्त चालवलेली गाडी म्हणून ज्या गाडीची नोंद आहे ती १९६६ ची व्होल्वो पी१८००, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी तिच्यावर सप्टेंबर २०१३ मध्ये, अलास्कात, ३० लाख मैल पूर्ण केले. म्हणजे जवळजवळ ४८ लाख किलोमीटर. माझी गाडी त्या हिशेबात अजून पोरसवदा आहे, आणि तिला भंगारात काढायला सांगणाऱ्यांनी आधी तिच्याखाली झोपून माउंटिंग बघायला हवी होती.

मदत विचारायची असेल तर हे सोबत लिहा: किलोमीटर, कोड, चावी ऑन-इंजिन बंद असतानाचा दाब, चढावर मिळालेला सर्वांत जास्त दाब, आयडल आणि लोडवरचा ट्रिम, १,००० किलोमीटरला किती ऑईल, आणि आतापर्यंत कोणते पार्ट कोणत्या किलोमीटरला बदलले. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. माझ्या बाबतीत तीन बिलं शेजारी ठेवल्यावरच दिसलं, की एकच हौज एकाच जागी तीनदा चिरला होता. तीन गॅरेजांनी तो एकेकदा बघितला, पण त्यांच्यापैकी कुणाकडेच तिन्ही बिलं नव्हती.

गेल्या शनिवारी खंबाटकीला, बाहेर ३८ अंश, गाडीत चौघं, एसी चालू, चौथा गिअर: मागणी १७५, मिळाले १७४, माथ्यापर्यंत.